गळतं का?

आमच्या सोसायटीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. दारावर पाटी आहे, पाटीवर नाव आहे, पण कुरिअरवालासुद्धा वॉचमनला "सेक्रेटरी कुठल्या मजल्यावर?" असंच विचारतो. मध्यंतरी एका निवडणुकीत ते पडले आणि दुसरे गृहस्थ रीतसर सेक्रेटरी झाले. त्या गृहस्थांना लोक "नवीन" म्हणू लागले, आणि हे "सेक्रेटरी"च राहिले. वरच्या टाकीत पाणी चढलं नाही की नवीन स्वतः यांच्या दारात येऊन उभे. "सेक्रेटरी, आता काय करायचं?"

कोपरखैरण्यात असा माणूस दर दोन इमारतींमागे एक सापडतो. सिडकोने जमीन आखली, सेक्टर पाडले, घरांना आकडे दिले. पण त्या आकड्यांमध्ये माणसं राहायला आल्यावर पाणी किती वाजता सोडायचं, गच्चीची किल्ली कोणाकडे ठेवायची, गणपतीचा मंडप रस्त्याच्या कुठल्या अंगाला घालायचा, हे ठरवायला कोणीतरी लागतंच. आमच्या सेक्रेटरींचे वडील मशीद बंदरला माथाडी होते. कांदा-बटाटा मार्केट वाशीला आलं तसं कुटुंब खाडी ओलांडून इकडे आलं. मूळ गाव जावळी खोऱ्यातलं. स्वतः सेक्रेटरींनी महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात उभी हयात काढली. पाहुण्याला पाण्याचा ग्लास देताना "मोरब्याचं आहे. आपलं स्वतःचं धरण" असं ते आजही सांगतात, आणि पाहुण्याने अर्धा ग्लास टाकला तर त्यांचा चेहरा उतरतो.

याच माणसाला ट्रेकिंगचं वेड आहे. वेड डोंगराचं की माणसं गोळा करून नेण्याचं, हे मला अजून नीटसं ठरवता आलेलं नाही. रविवारी पहाटे कोपरखैरणे स्टेशनावर ठाण्याची लोकल पकडायला आम्ही जमतो तेव्हा ते गळ्यात शिट्टी, खांद्यावर दोरी आणि हातात यादी घेऊन इंडिकेटरखाली उभे असतात. दोरी आजवर एकदाच उपयोगी पडली, राजमाचीला ओले कपडे वाळत घालायला. मोजणी मात्र दर फाट्यावर. पेबच्या वाटेवर पंधरा मिनिटांत तीनदा मोजल्यावर एका तरुण सभासदाने "काका, आम्ही काय मेंढरं आहोत का?" असं विचारलं होतं. "मेंढरं बरी," सेक्रेटरी म्हणाले, "ती फोटो काढायला मागे राहत नाहीत."

त्यांचा ठरलेला शब्द म्हणजे "आलंच". शिखर किती लांब? आलंच. पाणी कुठे मिळेल? आलंच. घणसोलीच्या गवळीदेवाची टेकडी असो नाहीतर हरिश्चंद्रगड, अंतर एकच. या शब्दावर त्यांनी माणसंच्या माणसं कळसूबाईच्या शिड्यांवर चढवली आहेत.

अशा माणसाने स्पेनला जायचं काढलं, त्याला कारण त्यांची पुतणी. ती ग्रानादाच्या विद्यापीठात शिकते. "काका, एकदा या" असं ती सहज म्हणाली. सेक्रेटरींना सहज काही म्हणायचं नसतं. पुढच्याच रविवारी नोटीस बोर्डावर कागद लागला.

'जिंदगी ना मिलेगी दोबारा' 2011 साली आला, तेव्हापासून आमच्या मध्यमवर्गाच्या डोक्यात स्पेन म्हणजे तीन मित्र, एक उघडी गाडी आणि टोमॅटोचा चिखल. त्यामुळे पहिल्याच बैठकीत 'सेन्योरिता' गाण्यातल्या गावाची मागणी आली. पुतणी फोनवरून म्हणाली की ते गाव आलाखार, उएल्वा प्रांतातलं, ग्रानादापासून तीनशेच्या वर किलोमीटर. "डोंगरातलं पांढरं गावच हवं ना?" सेक्रेटरींनी विचारलं. "मग जवळचं घ्या." अशा रीतीने ग्रानादाजवळच्या डोंगरातलं आल्पुहारा आमचं ठरलं. मला स्वतःला तिथलं येखेन गाव बघायचं होतं. जेराल्ड ब्रेनन हा इंग्रज लेखक 1920 पासून तिथे राहिला, आणि 1923 मध्ये व्हर्जिनिया वुल्फ खेचरावर बसून त्याच्याकडे गेली होती. मी हे बैठकीत मांडलं. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खेचराचं आता जमणार नाही."

शेंगेन व्हिसाच्या तयारीत त्यांचं खरं तेज दिसलं. प्रत्येकाच्या नावाची फाइल, बँकेचं स्टेटमेंट, तीस हजार युरोंचा प्रवासविमा, फोटोत कान दिसतात की नाही याची त्यांनी स्वतः केलेली तपासणी. फॉर्मवर प्रवासाचा उद्देश लिहायची जागा आली तिथे मात्र त्यांचं आणि पुतणीचं वाजलं. ते "अभ्यास दौरा" लिहून बसले होते. "काका, पर्यटन लिहा, नाहीतर प्रश्न विचारतील." त्यांनी पर्यटन लिहिलं, पण मनाने ते अभ्यास दौऱ्यावरच गेले, हे पुढे कळलंच.

जूनच्या अखेरीस आम्ही ग्रानादाच्या बसस्थानकावर उभे होतो. घरी त्या दिवसांत गच्चीवरच्या पत्र्यांवर पाऊस वाजत असतो. इथे ऊन कडक आणि समोर सिएरा नेवादाच्या माथ्यावर बर्फाचे पट्टे. बसमध्ये बसल्यावर सेक्रेटरींनी मोजणी केली तर दोन माणसं जास्त भरली. पुन्हा मोजलं, पुन्हा दोन जास्त. तिसऱ्या खेपेला कळलं की मागच्या बाकावरचं एक जर्मन जोडपंही ते प्रत्येक वेळी मोजत होते. त्या जोडप्याने पुढच्या थांब्यापासून आपणहून हात वर करायला सुरुवात केली.

बस दोन-अडीच तास वळणं घेत चढते. पोकेइरा नदीची घळ आणि तिच्या उतारावर एकावर एक तीन गावं: खाली पांपानेइरा, मध्ये बुबिऑन, वर कापिलेइरा. चुन्याने पांढरी केलेली घरं, अंगणात झुलणारी जाजमं, चिमण्यांच्या डोक्यावर दगडी टोप्या. आमच्यातल्या बायका "अय्या" म्हणाल्या, पुरुषांनी मोबाइल काढले. सेक्रेटरी मान वर करून छपरं बघत होते. सगळी छपरं सपाट. या डोंगरात बर्फ पडतं, पाऊस पडतो, आणि छपरं सपाट!

आम्ही उतरलो त्या घराची मालकीण सत्तरीची असावी. तिने किल्ल्या दिल्या, न्हाणीघर दाखवलं, सकाळचा नाश्ता किती वाजता ते सांगितलं. सेक्रेटरींनी पुतणीला कोपराने ढोसलं. "तिला विचार, गळतं का?"

पुतणीने विचारलं. बाईंचा चेहरा असा उजळला की जणू वर्षानुवर्षं आलेल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी पहिल्यांदाच कामाचं बोललं होतं. तिने त्यांना थेट गच्चीवर नेलं. खाली चेस्टनटच्या लाकडाचे वासे, त्यावर सपाट दगडी फरशा, त्यावर 'लाउना' नावाची करडी-निळसर माती. ही माती डोंगरातूनच खणून आणायची, पसरायची, दाबायची. ओली झाली की ती फुगते आणि भेगा आपोआप मिटतात. काही वर्षांनी नवा थर द्यावा लागतो. सेक्रेटरींनी ती माती चिमटीत घेतली, बोटांत चोळली, वास घेतला. जिभेवर ठेवतील की काय अशी त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, भीती वाटली. "पण गळतं की नाही?" त्यांनी पुन्हा विचारलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, गळतं की. छप्पर म्हटलं की गळणारच.

सेक्रेटरी खाली आले ते भारावून. "याला म्हणतात खरं बोलणारी बाई! आपल्याकडे वॉटरप्रूफिंगवाला दहा वर्षांची गॅरंटी लिहून देतो आणि पहिल्या पावसात फोन उचलत नाही."

त्या गावांत गल्लीवरून गेलेल्या खोल्या आहेत. खालून रस्ता, वर कोणाच्या तरी घराची खोली, मधल्या सावलीत कुंड्या. त्याला तिनाओ म्हणतात आणि बघायला लोक लांबून येतात. सेक्रेटरी कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "आमच्या सेक्टरातल्या रो-हाऊसवाल्यांनी हेच केलं तर नोटिसा आल्या," ते म्हणाले. "आणि हे लोक त्याची पोस्टकार्डं विकतात." त्यांनी एक पोस्टकार्ड घेतलं. पुराव्याला असावं म्हणून.

जेवणाचं वेगळं. स्पेनमध्ये रात्री नऊच्या आत चूल पेटत नाही, आणि कोपरखैरण्याचं पोट साडेसातला हाका मारतं. त्या दीड तासाच्या खिंडीत आम्ही घरून आणलेला चिवडा आणि दशम्या संपवल्या. रव्याचे मिगास नावाचा प्रकार समोर आला तेव्हा वहिनींनी एक घास घेऊन "हा उपमाच आहे, मोहरी राहिली" असा निकाल दिला. त्रेवेलेसला मात्र पंचाईत झाली. ते गाव डुकराच्या मांडीसाठी प्रसिद्ध. थंड कोरड्या हवेत महिनोन्महिने वाळवलेल्या मांड्या, 1862 मध्ये राणी इसाबेल दुसरी हिने त्यांवर राजचिन्ह लावायची परवानगी दिली, असा लौकिक. आणि आम्ही पोहोचलो नेमके शनिवारी. आमच्यातले जे बुधवार-शुक्रवार-रविवार सोडत नाहीत तेही शनिवारी मारुतीचे. दुकानाच्या छताला ओळीने मांड्या टांगलेल्या आणि आम्ही खाली हात जोडल्यासारखे उभे. सेक्रेटरींचं लक्ष भलतीकडेच होतं. प्रत्येक मांडीखाली ठिबकणारी चरबी झेलायला एक छोटी शंकूसारखी वाटी लावलेली असते. "बघा," ते आम्हाला म्हणाले, "गळती थांबवता येत नसेल तर निदान झेलायची व्यवस्था पाहिजे. मी 2 नंबरच्या जिन्यात बादली ठेवा म्हणत होतो तेव्हा हसला होतात."

हे सगळं खरं तर प्रास्ताविक. मुख्य विषय आला कापिलेइराच्या वर, पाटाच्या कडेला.

या डोंगराच्या दक्षिण उतारावर पाऊस फार नाही. जगायचं ते वरच्या बर्फाच्या पाण्यावर. अंदलुसात अरबी राज्य होतं त्या काळापासून लोकांनी उताराला धरून मैलोन्मैल पाट खोदले. त्यांना असेकिया म्हणतात. त्यांतले कित्येक हजारेक वर्षं जुने आहेत आणि आजही वाहतात. 1492 मध्ये ग्रानादा पडलं. पुढे इथल्या मूळच्या मुसलमान कुटुंबांनी 1568 ते 1571 असा उठाव केला, तो मोडून काढल्यावर त्यांना इथून हाकललं आणि उत्तरेकडून, गॅलिसिया-लिओनकडून माणसं आणून वसवली. पण प्रत्येक गावात दोन जुनी कुटुंबं मुद्दाम ठेवून घेतली, असं सांगतात, कारण पाटांची व्यवस्था नव्यांना येत नव्हती. पुतणीने हे सांगितलं तेव्हा सेक्रेटरी पाटाच्या कडेला बसून बूट काढत होते. "म्हणजे व्हॉल्व्हमन ठेवले आणि बाकीचे बदलले," ते म्हणाले. "बरोबर आहे. आमच्याकडेही आयुक्त बदलायचे."

त्या दिवशी आम्हाला बुबिऑनपर्यंत चालत जायचं होतं. पण पाटाच्या कडेने एक म्हातारा आला. डोक्यावर टोपी, खांद्यावर फावडं. त्याने एक दगडी फरशी उचलून बाजूला केली, दुसऱ्या तोंडावर ठेवली, चिखल थापला, आणि पाणी वळलं. सेक्रेटरी उठून उभे राहिले. निवृत्त झाल्यापासून कोणी पाणी वळवताना त्यांनी इतक्या जवळून पाहिलं नसावं. पुढचा तासभर त्या दोघांचं जे बोलणं झालं त्यात भाषा नव्हती. बोटं होती, घड्याळ होतं, मातीवर फावड्याच्या दांड्याने काढलेल्या रेघा होत्या. मधून मधून पुतणी भाषांतर करायला जायची तर दोघंही तिला हाताने थांबवायचे. म्हाताऱ्याने घड्याळावर बोट फिरवून दाखवलं की कोणाचं पाणी किती वेळ. सेक्रेटरींनी मान डोलावून आम्हाला सांगितलं, "पाळी आहे. आपल्याकडे धुळ्याला पांझरेवर फडाची पद्धत होती तशी. पाटकरी ठेवायचे, प्रत्येकाचा तास ठरलेला." मग म्हाताऱ्याने वर शिखराकडे, मग जमिनीकडे, मग खाली दरीकडे बोट केलं आणि दोन्ही हात पसरले.

ही 'कारेओ'ची युक्ती होती. वसंतात बर्फ वितळून पाणी एकदम येतं, तेव्हा ते सगळं खाली सोडायचं नाही. उंचावरच्या पाटांतून नेऊन जिथे खडक सच्छिद्र आहे तिथे जमिनीत मुरवायचं. ते पोटातून सावकाश उतरतं आणि कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात खालच्या गावांतल्या झऱ्यांना फुटतं. धरण नाही, पंप नाही, डोंगरच टाकी. सेक्रेटरी बराच वेळ गप्प होते. नोकरीत त्यांनी मोरबे ते नवी मुंबई असा पाइपलाइनचा सांधा न् सांधा पाहिला होता. "आमच्या टेंडरमध्ये डोंगर हा आयटमच नव्हता," एवढंच म्हणाले.

निघताना त्यांनी म्हाताऱ्याला बुबिऑन किती लांब म्हणून खुणेने विचारलं. त्याने हात सोंडेपलीकडे असा झटकला जणू गाव तिथे अंगणातच होतं. सेक्रेटरी आमच्याकडे वळले, डोळ्यांत अभूतपूर्व समाधान. "आलंच म्हणतोय." आम्ही सवा तास चाललो.

मुलासेनवर आम्ही गेलो, ते खोटं नाही. 3,479 मीटर. इबेरियाच्या मुख्य भूमीवर याहून उंच काही नाही. कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी वर 187 मीटर उरतात. अर्थात कापिलेइराहून बस बरंच वर सोडते आणि पुढची चाल रुंद, सोपी, फक्त दम काढणारी. शिखरावर कातळाच्या आडोशाला 'हिमदेवी मारिये'चं छोटंसं देवस्थान आहे. 5 ऑगस्टला त्रेवेलेसचे लोक रात्री निघून तिच्या यात्रेला वर येतात. नवरात्रात बारीचे लोक कळसूबाईला जातात ते ठाऊक असल्यामुळे यात कोणालाच नवल वाटलं नाही. वहिनींनी रीतसर नमस्कार करून जवळची खडीसाखर ठेवली. हवा स्वच्छ होती आणि दक्षिणेला समुद्रापलीकडे एक निळसर रेघ दिसत होती. "अहो, आफ्रिका दिसतेय!" वहिनी ओरडल्या. सेक्रेटरी पाठ करून उतारावरच्या बर्फाचा ओघळ कुठे जातो ते निरखत होते. "असू दे," ते म्हणाले, "ती कुठे जात नाही. हे पाणी जातंय."

परतताना बार्सेलोना ठरलेलं होतं. तिकिटं काढायची बाकी होती, आणि तिथेच घात झाला. विद्यापीठातले लोक 2014 पासून गावकऱ्यांबरोबर मोडलेले पाट उकरून पुन्हा वाहते करताहेत. त्या कामावर जाणाऱ्या पुतणीच्या मैत्रिणीने बोलता बोलता व्हॅलेन्सियाच्या पाणी-न्यायालयाचा विषय काढला. तिथे आठ पाटांच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले आठ जण दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दाराशी काळे डगले घालून बसतात आणि पाण्याचे तंटे सोडवतात. वकील नाही, कागद नाही, सगळं तोंडी, निकाल जागच्या जागी, वर अपील नाही. 2009 मध्ये युनेस्कोने या रिवाजाला वारशाचा मान दिला. "अपील नाही?" सेक्रेटरींनी तीनदा विचारलं. आमच्या सोसायटीतलं पार्किंगचं प्रकरण उपनिबंधकांकडे किती वर्षं पडून आहे हे माहीत असणाऱ्याला त्या प्रश्नातला गहिवर कळेल.

बाकीचे बार्सेलोनाला गेले. सेक्रेटरी, वहिनी, पुतणी आणि मी व्हॅलेन्सियाला. माझं जाणं निव्वळ कुतूहल. वहिनींचं जाणं निव्वळ विवाह.

गुरुवारी सव्वाअकरालाच सेक्रेटरी दाराशी हजर. गर्दी जमली. बाराचे ठोके पडले, आठ वृद्ध काळ्या डगल्यांत येऊन लाकडी खुर्च्यांवर बसले. हातात पितळी आकडा असलेल्या सेवकाने एकेका पाटाचं नाव पुकारलं: अमुक पाटाच्या कोणाची तक्रार? शांतता. पुढचा पाट. शांतता. आठही पाट झाले. कोणाचीच तक्रार नव्हती. आठही जण उठले आणि निघून गेले. घड्याळात बारा वाजून काही मिनिटंच झाली होती.

पर्यटक हिरमुसून पांगले. सेक्रेटरी हलले नाहीत. त्यांनी अडीच-अडीच तास चाललेल्या वार्षिक सभा पाहिल्या होत्या, कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब करून त्याच माणसांनी पुन्हा सुरू केलेल्या सभा पाहिल्या होत्या, इतिवृत्तातल्या एका स्वल्पविरामावरून झालेली हातघाई पाहिली होती. एकही तक्रार नसलेली सभा त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. "हे कसं जमतं?" त्यांनी पुतणीला विचारलं. ती म्हणाली, बहुतेक भांडणं आधीच पाटाच्या कडेला मिटतात, इथवर यायची लाज वाटते. सेक्रेटरींनी वहीत काहीतरी लिहिलं. नंतर मी चोरून पाहिलं. "लाज" एवढाच शब्द होता आणि खाली दोन रेघा.

ऑगस्टमधल्या वार्षिक सभेत, ऐनवेळच्या विषयांत, त्यांनी ठराव मांडला: गच्चीवरचं पावसाचं पाणी गटारात न सोडता मागच्या अंगणात शोषखड्डा करून मुरवावं. नवीन म्हणाले, खर्च किती? तिथे तो विषय समितीकडे गेला. दुसरा ठराव मात्र बिनखर्चाचा असल्याने लगेच मंजूर झाला. दर गुरुवारी संध्याकाळी सातला गेटजवळच्या बाकावर सेक्रेटरी आणि दोन ज्येष्ठ सभासद बसतील. तक्रार तोंडी. अर्ज नाही. निकाल तिथेच. अपील नाही.

पहिल्या गुरुवारी रांग लिफ्टपर्यंत गेली. पाणी, पार्किंग, कुत्रं, चपलांचा स्टँड, तिसऱ्या मजल्यावरचा मिक्सर. लोकांना लाज वाटत असल्याचं कुठे दिसलं नाही. सेक्रेटरी मात्र व्हॅलेन्सियाच्या खुर्चीत बसल्यासारखे ताठ बसून एकेक निकाल देत होते. शेवटून तिसऱ्या जागी वहिनी उभ्या होत्या, पदर खोचून. त्यांची पाळी आली तेव्हा बाकावरच्या दोन्ही ज्येष्ठांनी एकमेकांकडे पाहिलं.

तक्रार बार्सेलोनाची होती.